फटफटीची परीक्षा

इतिहास लिहिणारे लोक तहनामे आणि लढाया यांकडे जितक्या आस्थेनें पाहतात, तितक्या आस्थेनें चाकाकडे पाहत नाहींत. बत्तीस शिराळ्याचें नांव निघालें कीं समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक आणि नागपंचमी, एवढ्यावर आमच्या बहुतेक मित्रांची माहिती संपते. हा तालुका गेल्या पन्नास वर्षांत कशावर बसून हिंडला, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आम्हांस तो विचारावासा वाटतो. कारण त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडला आहे. जी गाडी आपण ‘खात्रीची’ म्हणून विकत घेतों, तिची खात्री कोणी करून दिलेली असते, आणि ती नेमकी कशाची?

शिराळा तालुका पूर्वीं सातारा जिल्ह्यांतला. १९४९ सालीं त्या जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्यें त्यालाच सांगली हें नांव मिळालें. तालुक्याची ठेवण मोठी चमत्कारिक आहे. पूर्वेला, शेजारच्या वाळवें तालुक्यांत, पेठ नाक्यावर पुणें-बंगळूर हमरस्ता, पश्चिमेला कोकरूड, आरळा मागें टाकलें कीं चांदोलीचें धरण आणि त्यापलीकडचें जंगल, दक्षिणेला वारणा. पूर्वभागीं ऊस, पश्चिमभागीं भात आणि धुवांधार पाऊस. एस. टी. मोठ्या रस्त्यानें येते आणि मोठ्या रस्त्यानेंच जाते; तिच्या थांब्यापासून डोंगराच्या कुशींतल्या वाडीपर्यंतचा टप्पा ज्याचा त्यानें तुडवायचा. सकाळचें दूध नासण्यापूर्वीं संकलन केंद्रावर पोंचवायचें, पोराला शाळेंत सोडायचें, म्हाताऱ्या आईला दवाखान्यांत न्यायचें, हीं सारीं कामें त्या टप्प्यावरचीं. लहान मोटारसायकलनें जो मुलूख जिंकला तो हा.

तिच्या आधींच्या मोटारसायकली लहान नव्हत्या. मद्रासची एन्फील्ड, म्हैसूरची जावा (पुढें तिचीच येझदी झाली), एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत, या दणकट आणि जड गाड्या. खेडेगांवांत एखाद्या पाटलाच्या किंवा डॉक्टरच्या दारीं त्यांपैकीं एखादी उभी असावयाची, आणि तिच्या आवाजावरून ‘फटफटी’ हा शब्द साऱ्या गांवाच्या तोंडीं बसला. मध्यमवर्गाची गाडी म्हणजे आकुर्डीस तयार होणारी बजाजची स्कूटर. पण तिच्यासाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १९७२ मध्यें पुण्याच्या कायनेटिक इंजिनियरिंग कंपनीनें ‘लूना’ बाजारांत आणली. हस्तिमल फिरोदिया यांच्या या पन्नास सी. सी.च्या गाडीचा नमुना इटलीचा. पण कारखाना अहमदनगरचा, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरचा. पेट्रोल संपलें तर पायडल मारीत घरीं यावें अशी तिची सोय होती. त्यानंतर १९८१ मध्यें बजाजची एम-५० आणि १९८६ मध्यें एम-८० आली. एम-८० ही दिसायला ओबडधोबड. परंतु तिच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवितां येत, पुढच्या मोकळ्या जागेंत पेंडेचें पोतें राही, आणि तरीहि ती चढ चढे. शिराळ्याच्या रस्त्यांवर या गाडीनें जेवढें दूध वाहिलें असेल त्याचा हिशोब कोणत्याहि कारकुनानें ठेवलेला नाहीं.

गाडी ‘खात्रीची’ आहे कीं नाहीं हें या काळांत लोक ठरवीत कसें? खरें सांगावयाचें तर ठरवीतच नसत. जेथें नवी गाडी मिळावयास वर्षें लागतात, तेथें जुनीचा भाव तिच्या गुणावर ठरत नाहीं, टंचाईवर ठरतो. नव्या स्कूटरपेक्षां वापरलेली स्कूटर महाग विकली गेल्याचीं उदाहरणें आमच्या पिढीला नवीं नाहींत. परीक्षार्थी एकच असला म्हणजे पहिला नंबर त्याचाच!

ही स्थिति १९८४ नंतर पालटली. जपानी कंपन्यांशीं भागीदारी करून शंभर सी. सी.च्या चार मोटारसायकली दोन-अडीच वर्षांत बाजारांत आल्या: १९८४ मध्यें इंड-सुझुकी, १९८५ मध्यें हिरो होंडाची सी. डी. १०० आणि यामाहाची आर. एक्स. १००, व १९८६ मध्यें कावासाकी बजाज. आतां निवडीला वाव मिळाला, आणि निवडीबरोबर परीक्षा आली. या चौघींत तिघी ‘टू-स्ट्रोक’ होत्या. हिरो होंडा तेवढी ‘फोर-स्ट्रोक’. हा भेद यंत्रशास्त्राचा खरा, पण गांवच्या मेस्त्र्यानें तो आपल्या भाषेंत फार लवकर समजून घेतला. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलाबरोबर तेलहि जाळतें. त्यामुळें धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्यें काजळी सांचून गाडी ओढेनाशी होते. तिची दुरुस्ती सोपी, पण ती वारंवार करावी लागते. फोर-स्ट्रोकचें तेल वेगळें राहतें. तें वेळेवर बदललें म्हणजे इंजिन वर्षें न् वर्षें उघडावें लागत नाहीं, आणि पेट्रोलहि कमी लागतें. सी. डी. १०० चें ९७.२ सी. सी.चें, जवळजवळ आडव्या सिलिंडरचें इंजिन होंडाच्या ज्या कुळींतलें, त्या कुळींतली ‘सुपर कब’ ही गाडी जपानांत १९५८ पासून धांवत होती. म्हणजे त्याची परीक्षा परदेशांत अगोदरच होऊन गेली होती. आमच्याकडील तरुणांचें मन आर. एक्स. वर जडलें, पण ज्याला दूध आणि पोरें वाहावयाचीं होतीं त्यानें ‘अॅव्हरेज किती देते?’ हा एकच प्रश्न विचारून सी. डी. पसंत केली.

हा प्रश्न आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. तो मोठा शहाणपणाचा प्रश्न आहे, आणि त्यामागें एक सबंध परीक्षापद्धति उभी आहे. जुनी गाडी घ्यावयाची झाली तर गिऱ्हाईक एकटें जात नाहीं; ओळखीचा मेस्त्री बरोबर असतो. तो थंड इंजिनाला पहिली किक स्वतः मारतो. मग आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो, सायलेन्सरच्या तोंडांत बोट घालून काजळी ओली आहे कीं कोरडी तें पाहतो, चेन हातानें उचलून बघतो. पांच मिनिटांत निकाल: ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊं’. छापील दाखला नाहीं, शिक्का नाहीं. पण या निकालांची बेरीज होतां होतां कोणती गाडी टिकते आणि कोणती रडवते हें तालुक्याच्या तालुक्याला कळतें, आणि जुन्या गाडीच्या भावांत तें उमटतें. विश्वासार्हतेचा याहून स्वस्त आणि याहून निःपक्षपाती तक्ता कोणत्या सरकारनें तयार केला आहे?

परंतु या परीक्षेंत एक विषयच नाहीं. मेस्त्री इंजिन ऐकतो. ब्रेक तो सहसा दाबून पाहतो आणि सोडून देतो. टायरची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर दोनशें रुपये कमी करून मागतो, सौदा मोडीत नाहीं. मागचा लाल दिवा लागतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो गाडीच्या मागें जात नाहीं. यांत मेस्त्र्याचा दोष आम्हांस दिसत नाहीं. बाजाराचा स्वभावच असा आहे. इंजिन बिघडलें तर मालकाची मजुरी बुडते, म्हणून मालक इंजिनासाठीं पैसे मोजतो. मागचा दिवा गेला तर नुकसान होतें तें मागून येणाऱ्याचें, आणि मागून येणारा सौद्याला हजर नसतो. आरळ्याकडून पावसांत उतरणाऱ्या दुधाच्या गाडीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. चाळीस-चाळीस लिटरांचे दोन कॅन, वर स्वार. चाकांना ड्रमचे ब्रेक, त्यांचीं अस्तरें झिजलेलीं. उतारावर सारखे दाबून ते तापलेले, किंवा ओढ्यांतून गेल्यामुळें भिजलेले. तिचें इंजिन उत्तम असेल. वळणावरून समोर येणाऱ्या पोराला त्या उत्तम इंजिनाचा कांहीं उपयोग नाहीं.

टिकाऊपणा आणि सुरक्षितपणा हे दोन गुण आम्ही बोलण्यांत एकाच शब्दांत बांधतों. वस्तुतः एकाचा लाभ मालकाला होतो आणि दुसऱ्याचा परक्याला. जेथें परक्याचें हित असतें तेथेंच कायद्यानें यावयाचें असतें. आमचा कायदा काय करतो? अखिल हिंदुस्थानाचा पहिला मोटार कायदा १९१४ चा. दुसरा १९३९ चा. १९३९ च्या कायद्यानें प्रवासी व माल वाहणाऱ्या भाड्याच्या वाहनांना योग्यतेचा दाखला सक्तीचा केला. खाजगी गाडीला त्यांतून सूट. त्या काळीं हें तर्काला धरून होतें, कारण खाजगी मोटार असणारा मनुष्य श्रीमंत, आणि तिची निगा राखावयास त्याचा पगारी ड्रायव्हर. १९८८ चा कायदा आला तेव्हां खाजगी वाहन म्हणजे मुख्यतः दुचाकी असें होऊं लागलें होतें. तरी भेद तसाच राहिला. वडापाच्या जीपला कागदोपत्रीं तरी तपासणी चुकत नाहीं. ऐंशी लिटर दूध वाहणारी एम-८० मात्र खाजगी, म्हणून तिची नोंदणी एकदां झाली कीं पंधरा वर्षें चालते. त्यानंतर निरीक्षकाला गाडी दाखवून पांच-पांच वर्षांची मुदत वाढवून घ्यावयाची.

मधल्या काळांत तिची एक तपासणी होते. पण ती धुराची. नळकांड्यांत नळी घालून कार्बन मोनॉक्साइडचें प्रमाण मोजतात. २००० सालापूर्वींच्या दुचाकीला साडेचार टक्के, त्यानंतरच्यांना साडेतीन, आणि अलीकडच्यांना त्याहून पुष्कळच कमी अशी मर्यादा आहे. ही तपासणी आवश्यकच आहे. टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून हटल्या त्यांत अशा नियमांचा मोठा वांटा आहे. पण मौज अशी कीं, दोन्ही ब्रेक निकामी असलेली गाडी ढकलीत नेली, आणि तिचा धूर स्वच्छ निघाला, तर ती या परीक्षेंत उत्तीर्ण होते.

इंग्लंडांत हाच प्रश्न १९६० मध्यें निराळ्या रीतीनें सोडविला गेला. दहा वर्षांहून जुन्या प्रत्येक गाडीचे, मोटारसायकलीहि त्यांत आल्या, ब्रेक, दिवे आणि सुकाणू हीं तपासावयाचीं असें ठरलें. नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या कीं वयाची अट लवकरच सात वर्षांवर, आणि १९६७ मध्यें तीन वर्षांवर आणावी लागली. या तपासण्यांचे निकाल मालकांचीं नांवें वगळून २०१० पासून लोकांना खुले आहेत; कोणत्या कंपनीची कोणती लहान मोटारसायकल कितव्या वर्षीं कशामुळें नापास होते हें तेथील शाळकरी मुलगाहि काढून पाहूं शकतो. आमच्या तालुक्यांतील मेस्त्र्याच्या डोक्यांत इंजिनापुरता जो तक्ता आहे, तोच तेथें ब्रेक आणि दिव्यांसह छापला जातो.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाहीं. तपासणी म्हटली कीं एजंट आला, खेप आली, मजुरी बुडाली. सांगली शिराळ्याहून साठेक किलोमीटर. मुदतवाढीची फी १९२२ ची नव्हे, २०२२ ची पाहावी: १ एप्रिलपासून ती मोटारसायकलला तीनशेंची हजार झाली, त्यावर पर्यावरण कर निराळा. पंधरा वर्षांची गाडी ज्याच्याजवळ आहे तो गरीबच असावयाचा. तो कागद संपूं देतो आणि गाडी वाडीपुरती चालवितो. ही अडचण खरी. परंतु इंग्लंडांतलीं तपासणी केंद्रें म्हणजे सरकारी कचेऱ्या नव्हेत; सरकारनें परवाना दिलेलीं तीं खाजगी गॅरेजें आहेत. आमच्याकडे धुराच्या दाखल्याचें काम अशाच खाजगी केंद्रांकडे अगोदरपासून आहे. त्याच टपरीवर, त्याच खेपेला, ब्रेकचीं अस्तरें आणि टायर पाहण्याचें काम जाणत्या मेस्त्र्याकडे सोंपविलें तर सांगलीची वाट कोणालाच धरावी लागणार नाहीं. मेस्त्र्याचें ज्ञान तालुक्यांत आहेच. त्याला फक्त हा विषय नेमून दिलेला नाहीं.

२०२२ सालीं देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि त्यांतलीं सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचीं होतीं. त्यांतील किती जण झिजलेल्या ब्रेकमुळें गेले हें कोणत्या नोंदवहींत पाहावें? सरकारनें एक गोष्ट चांगली केली: १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी.पर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एक ब्रेक दाबला असतां दोन्ही चाकें आंवळलीं जातील अशी जोडणी सक्तीची झाली. कारखान्यांतून निघतांना ती जोडणी निर्दोष असते. दुधाच्या फेऱ्यांत तिचीं अस्तरें दर पावसाळ्यांत झिजतात. त्या एप्रिलमध्यें शिराळ्यांत विकल्या गेलेल्या गाडीचा ब्रेक नोंदणीनंतर सरकारी निरीक्षकानें पुन्हां पाहावा असें कायदा ज्या दिवशीं प्रथम म्हणतो, तो दिवस २०३४ सालच्या एप्रिलांतला आहे.