मांजराचे बोचकारणे

मांजराच्या नखांनी त्वचेवर उमटणारा ओरखडा. जखम बहुधा उथळ असते, दोन-तीन बारीक रेघा आणि कधी रक्ताचे चार थेंब, त्यामुळे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. कुत्रा चावला की सगळे घर धावते. मांजराने नख मारले तर हळद दाबून विषय संपतो. हा फरक वैद्यकशास्त्राला मान्य नाही. रेबीजच्या (अलर्क रोगाच्या) उपचारांत रक्त आलेला मांजराचा ओरखडा आणि कुत्र्याचा खोल चावा यांचा वर्ग एकच आहे.

सहलीच्या गावी असा ओरखडा सहज होतो, त्याचे हे एक उदाहरण. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते तिथे हरिहरेश्वर आहे. हे पेशव्यांचे कुलदैवत. देवदर्शन, समुद्रकाठची प्रदक्षिणा आणि घरगुती जेवण यांसाठी पुण्या-मुंबईची कुटुंबे शनिवार-रविवारी इथे उतरतात. किनाऱ्यावरच्या गावांत जिथे मासळी येते, सुकते आणि शिजते, तिथे मांजरे असतातच. पाहुण्यांची मुले त्यांना तळलेला तुकडा हातानेच भरवतात, पिल्लू उचलून छातीशी धरतात, आणि घाबरलेले पिल्लू नख मारते. त्यात त्याचा काही दोष नाही.

नख लागताच पहिला उपचार नळाखाली होतो. वाहत्या पाण्याखाली, भरपूर साबण लावून जखम पूर्ण १५ मिनिटे धुवावी. ही वेळ घड्याळात बघावी, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत थांबतो. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते आणि साबण ते विरघळवतो. म्हणून इथे साधी कपड्याची वडीसुद्धा चालते. किनाऱ्यावर असताना समुद्राच्या पाण्यात हात बुडवून समाधान मानू नये. त्याने साबणाचे काम होत नाही, शिवाय उबदार समुद्रातले काही जंतू उघड्या जखमेत शिरू शकतात. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तिखट, तेल, शेण किंवा तंबाखू यांतले काहीही लावू नये. तिखटाने विष ‘उतरते’ ही समजूत अजून टिकून आहे. प्रत्यक्षात चोळल्याने विषाणू आणखी आत ढकलला जातो. जखम घट्ट बांधू नये आणि शक्यतो टाके घालू देऊ नयेत.

नखांतून रेबीज क्वचितच होतो, पण होऊ शकतो. विषाणू आजारी प्राण्याच्या लाळेत असतो आणि मांजर दिवसभर पंजे चाटत असते. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसायला बहुधा दोन ते तीन महिने लागतात. कधी आठवड्यात दिसतात, कधी वर्षभराने. ती दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. उपचाराला सवड असते ती त्याआधीच.

जागतिक आरोग्य संघटनेने प्राण्यांशी आलेल्या संपर्काचे तीन वर्ग केले आहेत. प्राण्याला हात लावणे किंवा त्याने धड त्वचा चाटणे हा पहिला वर्ग. त्यात लस लागत नाही. रक्त न आलेला ओरखडा दुसऱ्या वर्गात येतो आणि त्यासाठी लस घ्यावी लागते. रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेला, डोळ्याला वा तोंडाच्या आतल्या भागाला लाळ लागली असेल, तर तो तिसरा वर्ग. त्यात लशीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. हे तयार प्रतिपिंडांचे औषध जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. लशीने शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती उभी राहायला काही दिवस लागतात, तोवर ते राखण करते. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णाचा दुसऱ्या वर्गातला ओरखडाही तिसऱ्या वर्गातला मानतात.

सरकारी रुग्णालयांत लस त्वचेत देतात: ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, प्रत्येक वेळी दोन जागी ०.१ मिलिलिटर. पहिला डोस घेण्याचा दिवस शून्य धरतात. स्नायूत घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस लागतात. इंजेक्शन दंडात देतात, लहान मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात देत नाहीत. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनणारी जुनी लस होती आणि भारतात तिचे उत्पादन २००४च्या सुमारास थांबले. आजची लस गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांनाही देता येते. पूर्वी पूर्ण लसीकरण झालेल्या माणसाला ० आणि ३ या दिवशी दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. धनुर्वाताची लस गेल्या पाच वर्षांत घेतलेली नसेल तर तीही त्याच वेळी घ्यावी.

हरिहरेश्वरहून श्रीवर्धन सुमारे २० किलोमीटर आहे. तिथल्या उपजिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी जावे. ‘घरी परतल्यावर बघू’ हा बेत चुकीचा आहे. निघण्यापूर्वी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही उपलब्ध आहेत का, हे फोन करून विचारावे. इम्युनोग्लोब्युलिन तिथे मिळाले नाही तरी लशीचा पहिला डोस घ्यावा. पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत ते इतरत्र घेता येते. केसपेपर आणि लशीचे कार्ड जपून ठेवावे, कारण उरलेले डोस पर्यटकाला स्वतःच्या शहरात घ्यायचे असतात आणि तिथल्या डॉक्टरला तारखा त्यावरूनच कळतात.

पर्यटकाची खरी अडचण दहा दिवसांच्या निरीक्षणाची आहे. लाळेत विषाणू असलेले मांजर दहा दिवसांत आजारी पडते किंवा मरते. तेवढे दिवस ते धडधाकट राहिले तर धोका टळला असे मानतात आणि डॉक्टर पुढचे वेळापत्रक बदलू शकतात. हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांना लागू आहे. दहा दिवस संपण्याची वाट पाहून मग लस सुरू करायची, असा मात्र त्याचा अर्थ नाही. डोस आणि निरीक्षण एकाच दिवशी सुरू होतात. पाहुणा रविवारी निघून जातो आणि मांजर गावातच राहते, म्हणून यजमानाचा फोन नंबर घेतल्याशिवाय निघू नये. मांजर भटके असेल आणि पुन्हा दिसण्याची खात्री नसेल, तर लशीचा क्रम पुरा करावा.

ओरखड्यातून होणारा दुसरा आजार म्हणजे मांजर-ओरखडा ज्वर. तो बार्टोनेला हेन्सेली या जिवाणूमुळे होतो. मांजरातून मांजरात हा जिवाणू पिसवा पसरवतात आणि पिसवांची विष्ठा नखांत अडकून तो माणसापर्यंत येतो. पिल्लांमध्ये तो अधिक आढळतो. तीन ते दहा दिवसांत ओरखड्याच्या जागी पुटकुळी येते आणि पुढे एक ते तीन आठवड्यांत काखेत, मानेत किंवा जांघेत गाठ सुजते. कधी बारीक तापही असतो. बहुतेकांचा हा आजार आपोआप बरा होतो, गाठ ओसरायला दोन-चार महिने लागू शकतात. गरज पडल्यास डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन देतात. आपल्याकडे अशी गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो. त्यामुळे महिन्यापूर्वीचा ओरखडा डॉक्टरांना आठवणीने सांगावा, नाहीतर तपासण्या आणि काळजी दोन्ही विनाकारण वाढतात. जखम एक-दोन दिवसांतच लाल होऊन ठणकू लागली, पू आला किंवा लाल रेघ वर चढू लागली, तर मात्र लगेच उपचार घ्यावेत.

घरगुती निवास चालवणाऱ्यांनी आपल्या मांजरांना पशुवैद्यकाकडून रेबीजची लस द्यावी: पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली, पुढे पशुवैद्यक सांगेल तशी. पाहुण्याला नख लागले असेल, तर ते मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवावे आणि ते आजारी पडले, मेले किंवा दिसेनासे झाले, तर पाहुण्याच्या फोनची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी कळवावे.