पंच्याण्णव टक्के, पण कशाचे?

पर्यावरणशास्त्राची नेट देणाऱ्यांनी रॉबर्ट अँगस स्मिथ हे नाव एका ओळीत पाठ केलेलं असतं: १८७२, 'एअर अँड रेन', आम्लपाऊस. प्रश्न सुटतो, गुण मिळतात. पण या माणसानं वीस वर्षं सरकारी नोकरी केली, आणि तिचा मोठा भाग आज पर्यावरण तंत्रज्ञ करतो तेच काम होतं, हे गाईडमध्ये नसतं.

त्या काळी इंग्लंडात साबण, काच आणि कापडासाठी लागणारा सोडा लब्लां पद्धतीनं बनायचा. पहिली पायरी म्हणजे मीठ आणि सल्फ्युरिक आम्ल. १०० किलो मिठातून हिशेबानं साधारण ६२ किलो हायड्रोजन क्लोराइड निघतं. ते चिमणीतून सरळ बाहेर जायचं. सेंट हेलेन्स, विडनेसच्या आसपासची झाडं वठली, पिकं जळाली. हा वायू पाण्यात विरघळवून अडवणारा मनोरा विल्यम गॉसेजनं १८३६ मध्येच केला होता; तो नीट वापरायची सक्ती मात्र नव्हती. १८६२ मध्ये लॉर्ड डर्बींच्या समितीनं तक्रारी ऐकल्या आणि पुढच्या वर्षी अल्कली कायदा झाला: निघणाऱ्या वायूपैकी किमान ९५ टक्के अडवायचा. १८६४ पासून अंमल. निरीक्षक स्मिथ, आणि हाताखाली चार उपनिरीक्षक. बस्स.

आता त्या चारांपैकी एक तुम्ही आहात असं धरा. नमुना घेणं जमतं. पाण्यानं भरलेल्या भांड्याची तोटी सोडली की उतरणारं पाणी मागून तेवढाच वायू ओढून घेतं. वाटेत तो पाण्यातून बुडबुडत नेला की आम्ल पाण्यात उतरतं, आणि सिल्व्हर नायट्रेटनं क्लोराइड मोजता येतं. एवढं करून कळतं काय, तर एका घनफुटात आम्ल किती. कायदा मात्र टक्के विचारतो! त्यासाठी आणखी दोन आकडे लागतात: चिमणीतून एकूण वायू किती गेला आणि भट्टीत मीठ किती पडलं. मिठाचा आकडा असतो कारखानदाराच्या वहीत. म्हणजे ज्याची तपासणी करायची, छेद त्याच्याचकडून घ्यायचा.

वायूचा आकडा आल्फ्रेड फ्लेचर या उपनिरीक्षकानं सोडवला. चिमणीत दोन नळ्या घालायच्या, एक सरळ आणि एक प्रवाहाकडे तोंड वळवलेली. दोन्हींतल्या दाबाचा फरक काचेच्या यू-नळीत वाचायचा. हा फरक इतका बारीक की फ्लेचरनं नळीत पाण्याऐवजी हलका ईथर भरला. त्यावरून वेग, आणि वेगाला चिमणीच्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणलं की एकूण वायू. आज स्टॅक मॉनिटरिंगला जाणारा तंत्रज्ञ पिटो ट्यूब घेऊन चढतो, ती याच कुळातली.

खटले भरण्यापेक्षा कारखानदारांना समजावण्यावर स्मिथचा भर असे, आणि त्यावर तेव्हाही टीका झाली. माझ्या मते चार माणसांच्या बळावर आणि उसन्या छेदावर कोर्टात उभं राहणं सोपं नव्हतंच. शिवाय कारखाने वाढत गेले तसे उरलेले ५ टक्केही वाढत गेले. नियम पाळूनही झाडं वठत राहणार होती.

१८७४ च्या सुधारणेत ९५ टक्क्यांच्या जोडीला दुसरी अट आली: एका घनफूट वायूत ०.२ ग्रेनपेक्षा जास्त आम्ल नको. आजच्या एककात घनमीटरला सुमारे ४५८ मिलिग्रॅम. ही अट उपनिरीक्षकाला चिमणीपाशीच तपासता येते, वही लागत नाही. पण हिच्यातही फट आहे. चिमणीत दुप्पट हवा सोडली की प्रमाण निम्मं दिसतं, बाहेर पडणारं आम्ल तेवढंच.

ही फट बुजवायला आज घातक कचऱ्याच्या भस्मक भट्टीचे आकडे ११ टक्के ऑक्सिजनवर आणून मांडतात: जास्तीची हवा सोडली तर ऑक्सिजन वाढतो आणि दुरुस्तीत ती चोरी पकडली जाते. अर्थात चिमणीवर चढलेल्यानं ऑक्सिजन खरोखर मोजला असेल तर. एखाद्या कारखान्याचा स्टॅक रिपोर्ट प्रबंधासाठी मागाल तेव्हा प्रयोगशाळेच्या तक्त्याबरोबर फील्ड शीटही मागून घ्या. वेग, तापमान, ऑक्सिजन यांची मूळ नोंद तिच्यावर असते.