शाळेची वाट : चंडीगडचा धडा

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबसाठी नवी राजधानी उभारणे क्रमप्राप्त ठरले. चंडीगडचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर यांनी आखला. १९५१ मध्ये ते काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. आराखडा बदलला, तरी वस्तीच्या आतच शाळा असावी, हे सूत्र टिकले. त्यामागे अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेला विचार होता : शाळा वस्तीच्या मध्यभागी, मोठे रस्ते कडेने.

चंडीगडचा सेक्टर साधारणतः ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब. वेगवान वाहने त्याच्या सभोवतीच्या रस्त्यांनी जावीत आणि त्या रस्त्यांवर एकाही घराचे दार उघडू नये, असा दंडक होता. रस्त्यांचे सात वर्ग पाडले गेले. सातवा वर्ग हिरव्या पट्ट्यातल्या पायवाटांचा होता; शाळांची जागाही त्याच पट्ट्यात योजिली होती. पुढे सायकलींसाठी आठवा वर्ग जोडला गेला.

या रचनेला एक गृहीतक आधार देत होते : मूल आपल्याच सेक्टरमधील शाळेत जाईल. पालक दूरची शाळा निवडू लागले, की रुंद, वेगवान रस्ता ओलांडणे अटळ होते. त्या भीतीपोटी मूल मोटारीत बसते आणि प्रत्येक मोटारीगणिक पायी येणाऱ्याची वाट अधिक बिकट होते. पायवाट नकाशावर असते. पावले मात्र तिच्यावर उरत नाहीत.

हीरक महोत्सवात शाळेच्या इमारतींचे व निकालांचे मोजमाप होते. प्रवेशद्वारापर्यंत किती मुले निर्धास्तपणे चालत वा सायकलीने येतात, याचीही नोंद त्या इतिहासात असावी.