वर्ध्याची कुष्ठसेवा आणि प्रतिकारशक्तीचा शोध

कुष्ठरोगात त्वचा आणि नसा दीर्घकाळ दाहाने पोळतात. वर्ध्याजवळील दत्तपुरात, मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली. समाजाने टाकलेल्यांसाठी ते पाऊल फार मोठे होते. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः केली. पुढे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाने घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली.

त्या काळी मुख्य औषध डॅप्सोनच होते. जंतू त्याला दाद देईनासे झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला.

जंतू एकच, तरी एका रुग्णाच्या अंगावर दोनचार चट्टे आणि दुसऱ्याच्या सर्वांगावर गाठी, असे का? फरक प्रतिकारशक्तीचा. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये त्यावरच रोगाचे वर्गीकरण बेतले. हीच प्रतिकारशक्ती जागवण्यासाठी मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९७९ मध्ये कुष्ठरोगावरची आयसीआरसी लस तयार केली. पण काही रुग्णांत उपचार सुरू असतानाही प्रतिकारशक्तीच उसळून नसांना इजा करते. तेव्हा प्रेडनिसोलोन देऊन दाह आवरावा लागतो.