बीना-ग्वाल्हेरची तार आणि ६२ कोटींचा अंधार

वीज गेली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणी घालवली?" ३० आणि ३१ जुलै २०१२ला निम्मा देश अंधारात गेला, तेव्हाही टीव्हीवर हाच प्रश्न चालला होता. उत्तरंही तयार होती. उत्तरेकडच्या राज्यांनी जादा वीज ओढली, पाऊस लांबला, शेतीचे पंप सुरू होते. यातलं खोटं काहीच नाही. पण एक गोष्ट फार कमी लोकांपर्यंत पोचली. ज्या लाइनपासून हे सगळं सुरू झालं, तिच्यावर त्या वेळी कसलाही बिघाड नव्हता. तार तुटली नव्हती, झाड पडलं नव्हतं, शॉर्टसर्किट नव्हतं. एका रिलेला वाटलं की बिघाड आहे, आणि त्याने लाइन तोडली.

रिले म्हणजे विजेच्या लाइनचा राखणदार. तो सबस्टेशनमध्ये बसतो आणि दोनच गोष्टी सतत बघतो, तारेतला प्रवाह किती आणि दाब किती. शॉर्टसर्किट झालं की प्रवाह एकदम वाढतो, दाब पडतो. दाबाला प्रवाहाने भागलं की बिघाड किती किलोमीटरवर आहे, हेही त्याला समजतं. मग तो ब्रेकरला हुकूम देतो आणि सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन सुटते. हा नसता तर ट्रान्सफॉर्मर जळाले असते, माणसं मेली असती.

या राखणदाराला तीन हद्दी आखून दिलेल्या असतात. पहिली हद्द आपल्या शेताची, म्हणजे लाइनचा साधारण ८० टक्के भाग. तिथे काही झालं की क्षणाचाही उशीर नाही. दुसरी हद्द बांधापलीकडे थोडी, तिथे जरा थांबून कारवाई. तिसरी हद्द थेट शेजाऱ्याच्या शेतापर्यंत. शेजारचा राखणदार झोपला असेल तर याने धावायचं, पण आणखी थोडं थांबून. हेतू चांगलाच आहे. अडचण अशी की तिसऱ्या हद्दीपर्यंत बघायचं तर नजर फार लांब ठेवावी लागते. आणि लाइनवर खूप लोड आला, दाबही उतरला, तर ते चित्र दूरच्या शॉर्टसर्किटसारखंच दिसतं. राखणदार फसतो. ओझ्याने वाकलेला माणूस त्याला चोर वाटतो.

बीना-ग्वाल्हेर ही मध्य प्रदेशातली ४०० केव्हीची लाइन. पश्चिम विभागाची वीज आग्र्यामार्गे उत्तरेत नेणारा हा मोठा रस्ता. त्या आठवड्यात तिची दोन सर्किटांपैकी एकच चालू होती. दुसरं ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद ठेवलेलं. आपल्याकडे, म्हणजे पश्चिम विभागात, पावसामुळे मागणी कमी आणि वीज शिल्लक. उत्तरेत उकाडा, पाऊस नाही, मागणी अफाट. शिल्लक वीज त्या उरलेल्या एका सर्किटवरून उत्तरेकडे धावत होती. लोड कमी करा, असे निरोप लोड डिस्पॅच सेंटरमधून राज्यांना जात होते. पुरेसं कोणी ऐकलं नाही.

३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी तिसऱ्या हद्दीच्या रिलेने ती लाइन तोडली. वीज पाण्यासारखी असते, एक वाट बंद झाली की दुसरी शोधते. ती पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडे निघाली. त्या वाटांनाही ते पेललं नाही, एकामागून एक लाइन सुटत गेली आणि उत्तर विभाग एकटा पडला. जवळपास ३६,००० मेगावॅटची मागणी काही क्षणांत अंधारात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच लाइन, तशाच कारणाने पुन्हा सुटली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. सुमारे ४८,००० मेगावॅट. त्या राज्यांत ६२ कोटींच्या आसपास माणसं राहत होती. जवळपास ३०० रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, बंगाल-झारखंडच्या कोळसा खाणींत शेकडो कामगार अडकले. ते सुखरूप वर आले. महाराष्ट्र दोन्ही दिवस वाचला.

तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. ३१ जुलैलाच त्यांच्याकडे गृहखातं देण्याचा निर्णय जाहीर झाला. मग बातमी राजकारणाकडे वळली आणि रिले मागे पडला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या समितीने ऑगस्टमध्येच अहवाल दिला. कारणं अनेक सांगितली: बंद असलेल्या लाइनी, जादा ओढलेली वीज, न पाळलेल्या सूचना. त्यातच हेही होतं की बीना-ग्वाल्हेरवर बिघाड नव्हता, रिलेने लोडलाच बिघाड समजून लाइन तोडली.

आणखी एक बाब मला जास्त बोचते. फ्रिक्वेन्सी घसरू लागली की काही भागांची वीज आपोआप तोडून बाकीची ग्रिड वाचवणारे रिले वेगळे असतात. ते उत्तर विभागात बसवलेले होते. कागदावर त्यांच्या जोरावर हजारो मेगावॅटचा लोड कमी होणार होता. प्रत्यक्षात पुरेसा झाला नाही. म्हणजे जो राखणदार गप्प बसायला हवा होता तो ओरडला आणि ज्यांनी ओरडायचं ते गप्प राहिले.

ही चूक जगात पहिल्यांदा झाली असती तर एक वेळ समजलो असतो. ९ नोव्हेंबर १९६५ला कॅनडातल्या नायगारा भागातल्या एका वीजकेंद्रातून टोरोंटोकडे जाणारी लाइन रिलेने तोडली. तिथेही बिघाड नव्हता. काही वर्षांपूर्वी ठरवलेली मर्यादा तशीच राहिली होती आणि मागणी वाढत गेली होती. न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेतल्या ओहायोमध्ये आधी वाढलेल्या झाडांना तारा टेकून लाइनी सुटल्या, मग उरलेल्या एका लाइनवर लोड चढला आणि तिसऱ्या हद्दीच्या रिलेने तीही तोडली. पाच कोटी लोकांची वीज गेली. त्यानंतर तिकडे रिलेंची सेटिंग तपासायचे नियम कडक झाले. आपली पाळी आली त्याच्या नऊ वर्षांनी. धडा छापून तयार होता, आपण तो उघडला नव्हता.

आता हे आपल्या गावाशी जोडून बघा. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी जोडला गेला. तेव्हापासून सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. फायदा मोठा आहे, एकीकडची शिल्लक वीज दुसरीकडे जाते. पण पूर्वी बांध होता, आता सगळं एकच शेत आहे. २०१२मध्ये आपण वाचलो म्हणून पुढच्या वेळी वाचूच असं नाही.

समितीने तेव्हा एक साधी शिफारस केली होती, संरक्षण यंत्रणेची तपासणी बाहेरच्या तटस्थ लोकांकडून करून घ्या. मला वाटतं ही फक्त ४०० केव्हीवाल्यांची गोष्ट नाही. आपल्या तालुक्यात नवीन सबस्टेशन झालं की फीत कापायला गर्दी होते, फोटो येतात, मीही छापतो. पण लोड वाढत गेला त्या प्रमाणात रिलेची सेटिंग शेवटची कधी तपासली, हा प्रश्न कुठल्याही सभेत कोणी विचारलेला मी ऐकला नाही. नवीन सोसायट्या, एसी, कोल्ड स्टोरेज, पंप हे सगळं वाढतंय. राखणदाराला मात्र जुनीच हद्द सांगून ठेवलेली असेल, तर त्याच्यावर चिडून उपयोग नाही. तो सांगितलं तेवढंच करतो.

पुढच्या ग्रामसभेत, नगरपालिकेच्या बैठकीत किंवा वीज ग्राहकांच्या मेळाव्यात हा एक प्रश्न विचारा: आमच्या सबस्टेशनमधल्या रिलेची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली? तारीख मिळाली तर इथे कमेंटमध्ये टाका. नाही मिळाली तर तेही लिहा.