परतलेले राणे

परमवीरचक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हौतात्म्यच उभं राहतं. ते चुकीचंही नाही. १९७१ च्या युद्धापर्यंत हे पदक १५ जणांना मिळालं, त्यांतले ११ जण घरी परतले नाहीत. आज मी बोलणार आहे ते परतलेल्या चौघांपैकी एकाविषयी, मेजर रामा राघोबा राणे यांच्याविषयी.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. जन्म २६ जून १९१८. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील पोलीस शिपाई. १९४० साली राणे साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशात, आराकानच्या जंगलात, जपान्यांविरुद्धचं युद्ध त्यांनी पाहिलं. अधिकारी झाले ते १९४७ च्या डिसेंबरात. म्हणजे नौशेराला पोचले तेव्हा हे सेकंड लेफ्टनंट चांगले तिशीला टेकलेले होते!

सॅपर म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. पायदळाचा जवान गोळीला गोळीनं उत्तर देतो. सॅपरचे दोन्ही हात जमिनीतल्या सुरुंगात गुंतलेले असतात. रस्ता मोकळा करणं, पूल बांधणं, वेळ आली तर तो उडवणं, ही त्याची कामं. मला विचाराल तर हे धैर्य अधिक अवघड, कारण त्यात आवेशाचा आधार नाही.

एप्रिल १९४८. राजौरी घुसखोरांच्या ताब्यात होती आणि नौशेराहून तिथे जाणारा डोंगरातला रस्ता त्यांनी सुरुंग पेरून, चिडाची झाडं आडवी पाडून, मोऱ्या उडवून बंद केला होता. रस्ता उघडल्याशिवाय रणगाडे पुढे सरकणार नव्हते. ८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास राण्यांची तुकडी कामाला लागणार, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि रात्री दहापर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठ्या झाडांचा अडथळा आला. भोवती सुरुंग, वरून मशीनगनचा मारा. राणे सुरुंग काढायला लागले होते, पण अंधार पडत होता, म्हणून रणगाड्यांच्या प्रमुखानं मुक्काम ठरवला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्यावर हजर! साडेसहाला तो दूर झाला. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोचले. (हीच ती मोगल सराई, जिथे जहांगीर बादशहाची आतडी पुरली आहेत असं सांगतात.) मागून येणाऱ्या रसदीसाठी मात्र रस्ता अजून खुला नव्हता. म्हणून राणे अन्नविश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत राबत राहिले, आणि ११ तारखेला सकाळी अकराला तोही खुला झाला. त्या रात्रीही दहापर्यंत पुढचं काम चालूच होतं. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

गोष्ट इथे संपवायची आपल्याला सवय आहे. पण राणे तेव्हा अजून तीस वर्षांचेही झाले नव्हते, आणि पुढे ४६ वर्षं जगले. १९५० च्या जूनमध्ये पदक जाहीर झालं. १९५५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी लग्न केलं. चार मुलं झाली. सैन्यातल्या माणसाचा संसार म्हणजे बदल्यांचा संसार; छातीवर परमवीरचक्र असलं म्हणून मुलांची शाळा आणि पगाराचा मेळ थोडाच चुकतो? १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर २००६ साली त्यांचा पुतळा उभा राहिला, २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव मिळालं.

एक सन्मान मात्र हयातीत झाला. १९८४ साली भारतीय नौवहन महामंडळानं आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली. राण्यांचं वय तेव्हा ६६, निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेली. जहाजावर नाव आलं ते ‘लेफ्टनंट रामा राघोबा राणे’.