दाब आणि दळण

एस्प्रेसोचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८८४ साली तुरीनच्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओन्दोने वाफेवर चालणारे यंत्र मांडले. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेराने एकेका पेल्यापुरती कॉफी काढून देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि देझिदेरिओ पावोनीने ते बाजारात रुजवले. या वंशावळीत पितळेचा झगझगाट आहे, वाफेचा फूत्कार आहे. जाते मात्र नाही. ज्यांना हे पेय घरी करायचे आहे त्यांनी हा इतिहास जात्याच्या बाजूने वाचावा, असे आम्हांला वाटते.

दाब यंत्र निर्माण करते हे अर्धसत्य आहे. पाण्याची वाट अडवणारे काही नसेल तर पंप कितीही बलवान असो, दाब उभाच राहत नाही. तो अडथळा म्हणजे दाबून बसवलेली कॉफीची पूड. बेझ्झेराच्या काळी वाफेचा दाब जेमतेम दीड बार होता. फार बारीक पूड असती तर पाणी तिच्यातून उतरलेच नसते. आकिले गाज्जाने दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंगच्या दांड्याने हा दाब आठ-नऊ बारांवर नेला, आणि पेल्यावर तो प्रसिद्ध तांबूस फेस आला. १९६१ च्या फाएमा ई-६१ यंत्राने तोच दाब विजेच्या पंपाकडे सोपवला. दाब याप्रमाणे स्थिर झाला, तेव्हा रोजच्या फेरफाराचा भार शेजारच्या ग्राइंडरवर आला.

घरात मात्र हा भार कोणी उचलला नाही. १९३३ सालच्या बियालेत्तीच्या मोका भांड्याला त्याची गरज नव्हती; त्याचा दाब कमी, त्यामुळे दुकानातली तयार पूड चालून जाई. पुढे पंपाची यंत्रे घरी आली तेव्हा उत्पादकांनी एक पळवाट काढली. पुडीच्या चाळणीला दुहेरी तळ देऊन खाली एकच सूक्ष्म छिद्र ठेवले. अडथळा पुडीऐवजी छिद्र करू लागले. फेस दिसू लागला, चव तशीच राहिली. १९८६ पासून नेस्प्रेसोने दळण कुपीतच बंद केले. सोय झाली हे आम्ही नाकारत नाही. परंतु दाणा कधी दळावा आणि किती बारीक, हा निर्णय घरातून गेला. दळल्यावर सुगंध झपाट्याने उडतो, म्हणून तो निर्णय किरकोळ नाही.

तो परत घ्यायचा तर ग्राइंडर कसा असावा? मिक्सरच्या पात्याने दाणा दळला जात नाही, फुटतो. भुकटी आणि खडे एकत्र पडतात. भुकटीतून कडूपणा उतरतो, खडे कोरडेच राहिल्यासारखे आंबट लागतात. आपल्या जात्याचे तत्त्वच येथे हवे: एक स्थिर, एक फिरता आणि मधले अंतर आपल्या हाती. पोलादी किंवा सिरॅमिक दातेरी चकत्या असोत वा शंकू, दोन्ही चालतात. खरी कसोटी त्या अंतराच्या नियंत्रणाची. एस्प्रेसोची पूड रवा आणि पीठ यांच्या मधली. केसाच्या जाडीच्या काही अंशाने अंतर बदलले तरी धार बदलते. म्हणून ठळक, दूरदूरच्या खाचांचा ग्राइंडर फिल्टर कॉफीला पुरेल, येथे नाही. ठरलेल्या पैशांत यंत्र साधे घ्यावे लागले तरी चालेल. ग्राइंडर साधा घेऊ नये. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर हा स्वस्त विजेच्या ग्राइंडरपेक्षा सरस ठरतो.

जुळवणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम पेय, वेळ २५ ते ३० सेकंद, अशी सुरुवात करावी. बारा सेकंदांत धार संपली आणि चव आंबट, पाणचट आली तर बारीक दळावे. पंचेचाळीस सेकंद थेंबथेंब गळून तोंड कडू झाले तर जाडसर. विजेच्या ग्राइंडरचे अंतर कमी करताना तो फिरता ठेवावा, नाहीतर दाणे अडकतात. बदलानंतरचे पहिले थोडे दळण टाकून द्यावे, कारण आत आधीची पूड उरलेली असते. दाणे जुने होत गेले की धार वेगवान होते, आणि पुन्हा थोडे बारीक दळावे लागते. शेजाऱ्याच्या ग्राइंडरवरचा आकडा आपल्या कामाचा नाही.

बारीक म्हणजे उत्तम, हा समजही मर्यादेतच खरा. क्रिस्टोफर हेन्डन व सहकाऱ्यांनी २०२० साली 'मॅटर' या नियतकालिकात दाखवले की, एका टप्प्यापलीकडे बारीक दळल्यास पूड जागोजागी तुंबते, पाणी सोप्या वाटा शोधते आणि अर्क उलट कमी उतरतो. थोडी कमी आणि थोडी जाडसर पूड घेतली तर पेला अधिक एकसारखा येतो. दाब वाढवत नेण्याच्या शतकभराच्या खटाटोपानंतर विज्ञान पुन्हा दळणाकडे वळले आहे. जात्यावर बसणाऱ्या बायकांना वेगळे शिकवावे लागले नसते: भाकरीचे पीठ वेगळे, भरड वेगळी, आणि दाणा बदलला की हातही बदलायचा.